बेटांची मोजणी : साखरेच्या आजारातली एक नवी आशा आणि तिचे खरे माप



मागच्या महिन्यात धुळ्याच्या एका वस्तीत आरोग्य बैठक होती. बैठक संपल्यावर एक आई मागे थांबली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा आहे. सातव्या वर्षापासून त्याला रोज इन्सुलिनच्या सुया घ्याव्या लागतात. तिने मोबाईलवरचा एक व्हिडिओ मला दाखवला. "पेशी बदला, साखर कायमची घालवा" असे त्यात सांगत होते. खाली फोन नंबर होता आणि आधी पैसे भरायला सांगितले होते. ती म्हणाली, "ताई, मना आंडोरनी सुई बंद व्हई का? मंगळसूत्र मोडायची तयारी आहे माझी."

तिला मी तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. पण हा प्रश्न एकट्या तिचा नाही, म्हणून या वेळचे पान त्यासाठी ठेवले आहे. पेशी बसवून साखरेचा आजार बरा करण्याचे शास्त्र खरे आहे, ते थोतांड नाही. मात्र ते शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पाया म्हणजे मोजमाप. किती पेशी, किती जिवंत, किती शुद्ध, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याजवळ उपचारही नाही. एवढी एक गोष्ट नीट समजली, तर खरे काय आणि फसवणूक काय हे आपले आपल्याला ओळखता येईल.

स्वादुपिंडातली बेटे

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. लांबी साधारण वीतभर, वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारा रस तयार करतो. त्या मांसात मधे मधे पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ते सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिले. समुद्रातल्या बेटांसारखे दिसतात म्हणून पुढे त्यांना 'लँगरहान्सची बेटे' असे नाव पडले.

एका माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे दहा लाख बेटे असतात. तरी सगळी मिळून त्यांचे वजन अवयवाच्या शंभरातला एक-दोन भागच भरते. या बेटांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर ओळखतात आणि लागेल तेवढे इन्सुलिन सोडतात. लहान मुलांना होणाऱ्या टाईप १ मधुमेहात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच या पेशींवर उलटते आणि त्यांना मारून टाकते. त्यात आईच्या खाण्याची चूक नसते, जास्त गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि कुणाच्या नजरेनेही होत नाही. आपल्यातल्या मोठ्या माणसांना जो साखरेचा आजार बहुतेक करून असतो तो टाईप २. त्यात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू बीटा पेशी थकतात.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पायांच्या दुखण्याने ते बेजार होत. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या; पथ्यपाणी, औषधे, सुया यांच्याकडे त्या लक्ष देत. असे आजारी शरीर घेऊन बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' लिहून पूर्ण केला. म्हणून सुई लागते याची लाज कुणी बाळगू नये. आपल्या वस्त्यांत मुलीला सुई लागते हे लग्नासाठी लपवतात आणि त्या भीतीने तिचे डोस चुकतात. हे थांबले पाहिजे.

बेटे काढून बसवता येतात का?

येतात. मेंदू मृत झालेल्या दात्याचे स्वादुपिंड घ्यायचे, विशिष्ट विकराने त्याचे मांस विरघळवायचे, हलवून गाळून बेटे वेगळी करायची आणि रुग्णाच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत ती हळूहळू सोडायची. बेटे यकृतात रुजतात आणि तिथून इन्सुलिन देऊ लागतात. पोट मोठे उघडावे लागत नाही. ऐकायला सोपे वाटते, पण यशाला अनेक दशके लागली.

२००० मध्ये कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या डॉ. जेम्स शॅपिरो यांच्या गटाने सात रुग्णांची हकीकत छापली. सातही जणांची इन्सुलिनची सुई सुटली होती. जगभर आनंद झाला. पण त्यातल्या दोन गोष्टी बातम्यांत मागे राहिल्या. एक म्हणजे प्रत्येक रुग्णाला एकाहून जास्त दात्यांची बेटे लागली. दुसरी गोष्ट पाच वर्षांनी कळली. त्या केंद्रातल्या रुग्णांची पुढची पाहणी २००५ मध्ये आली, तेव्हा दहातला जेमतेम एकच जण सुईशिवाय राहिला होता. बहुतेकांची बेटे थोडेफार काम करत होती, साखर अचानक घसरून बेशुद्ध पडणे थांबले होते, पण सुई परत आली होती.

आता प्रश्न असा की एका रुग्णाला बेटे चांगली लागू पडतात आणि दुसऱ्याला नाही, ते कशामुळे? बेटे कमी दिली म्हणून, मेलेली दिली म्हणून, की शरीराने नाकारली म्हणून? दिली किती, हेच नक्की ठाऊक नसेल तर या प्रश्नाला उत्तर मिळूच शकत नाही.

नुसती संख्या का चालत नाही

रावेर-यावलकडच्या वाचकांना हे लगेच पटेल. केळीचा व्यापारी 'घड किती' एवढे विचारून पैसे देत नाही, काट्यावर घड चढवतो. एक घड लहान, दुसरा त्याच्या दुप्पट. बेटांचेही तसेच आहे. काही बेटे ५० मायक्रॉनची, काही ४०० मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग.

इथे एक गंमत आहे. गोल वस्तूची रुंदी दुप्पट झाली की तिच्यात मावणारा ऐवज दुप्पट होत नाही, आठपट होतो. दोन बोटे रुंदीच्या लाडवाशेजारी चार बोटे रुंदीचा लाडू ठेवा. त्या एका लाडवाच्या पिठात लहान आठ लाडू वळले जातील. म्हणजे एक लाख बारीक बेटे आणि एक लाख मोठी बेटे यांत जमीन-अस्मानाचा फरक. पूर्वी एक केंद्र संख्या सांगे, दुसरे वजन, तिसरे आणखी काही. एकाचा निकाल दुसऱ्याशी ताडून पाहता येत नसे.

म्हणून १९८९ मध्ये या विषयातले शास्त्रज्ञ अमेरिकेत एकत्र बसले आणि त्यांनी एक समान माप ठरवले. इटालियन डॉक्टर कामिल्लो रिकॉर्डी आणि सहकाऱ्यांनी ते १९९० मध्ये छापले. माप असे : १५० मायक्रॉन रुंदीचे एक गोल बेट म्हणजे एक 'प्रमाण बेट'. कापडाला मीटर, दुधाला लिटर, तसे बेटांना हे प्रमाण बेट. बाकी सगळी बेटे या हिशेबात बसवायची. ३०० मायक्रॉनचे एक बेट म्हणजे आठ प्रमाण बेटे. ७५ मायक्रॉनची आठ बेटे मिळून एक.

प्रत्यक्षात प्रत्येक बेटाची रुंदी वेगळी मोजत बसत नाहीत. ५० ते १००, १०१ ते १५०, १५१ ते २०० असे ५०-५० मायक्रॉनचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला ठरलेल्या आकड्याने गुणतात. १०१ ते १५० च्या गटाचा गुणक ०.६६७ आहे, ३०१ ते ३५० च्या गटाचा १०.३५२. म्हणजे पहिल्या गटातली दहा बेटे मिळून साधारण पावणेसात प्रमाण बेटे होतात, आणि दुसऱ्या गटातली फक्त दोन बेटे वीसच्या पुढे जातात. डोळ्यांना दहा जास्त दिसतात, हिशेबात दोन जास्त भरतात.

मोजतात कशी, आणि चूक कुठे होते

बेटे पाण्यासारख्या द्रवात तरंगत ठेवतात. त्यातला थोडा नमुना घेऊन त्यावर डायथायझोन नावाचा रंग टाकतात. बीटा पेशींत इन्सुलिनसोबत जस्त साठवलेले असते. हा रंग जस्ताला धरतो आणि बेटे लालभडक दिसतात. बाकीचे मांस बिनरंगाचे राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके गटवार मोजायचे.

चुकीच्या जागा मुख्यतः चार.

पहिली, नमुना. बेटे जड असतात, तळाशी बसतात. भोजनदानाच्या वेळी मोठ्या पातेल्यातली डाळ न ढवळता वरून वाढली तर पहिल्या पंगतीला पाणी आणि शेवटच्या पंगतीला गाळ. म्हणून द्रव नीट ढवळून एकाहून जास्त नमुने घेऊन सरासरी काढावी लागते.

दुसरी, गुणाकार. समजा १०० मिलीलिटर द्रवातून ०.१ मिलीलिटर नमुना घेतला. मग नमुन्यातला आकडा हजाराने गुणायचा. नमुन्यात ३०१ ते ३५० गटातले एकच बेट चुकून जास्त मोजले, तर हिशेबात दहा हजारांहून जास्त प्रमाण बेटे फुकटची वाढली.

तिसरी, माणसाचा डोळा. एकच नमुना दोघांनी मोजला तर आकडे वेगळे येतात. शिवाय प्रत्येक बेट चेंडूसारखे गोल नसते. काही चपटी, काही लांबट, काही एकमेकांना चिकटलेली. म्हणून आता नमुन्याचे फोटो काढून संगणकाने मोजायची पद्धत आली आहे. फोटो जपून ठेवता येतो, दुसऱ्याला तपासता येतो. हिशेबाची वही उघडी राहते.

चौथी, जिवंत-मेलेले. लाल रंग चढला म्हणजे बेट जिवंत आहे असे नाही. त्यासाठी वेगळे रंग असतात. त्यात जिवंत पेशी हिरव्या चमकतात आणि मेलेल्या लाल. शिवाय बेटांना कमी साखरेच्या आणि मग जास्त साखरेच्या द्रवात ठेवून पाहतात. जास्त साखर दिल्यावर इन्सुलिन वाढवले, तरच ते बेट कामाचे.

या सगळ्या कसोट्यांतून उतरल्यावर रुग्णाच्या वजनाच्या दर किलोला किमान ५,००० प्रमाण बेटे हवीत, असा दंडक जगभर धरला जातो. ६० किलोच्या माणसाला ३ लाख. सुई सुटायची तर बहुधा याच्या दुप्पट लागतात. काढताना निम्मीअधिक बेटे वाया जाऊ शकतात, म्हणून एका दात्यावर बऱ्याचदा भागत नाही. मोजणी फुगवून सांगितली, तर रुग्णाला कमी बेटे मिळतात आणि वर जन्मभर कडक औषधे खावी लागतात. दात्याच्या घरच्यांनी दुःखात दिलेले दानही वाया जाते.

एक माप, एक पद्धत ठरवली की काय होते, तेही पाहू. अमेरिका-कॅनडातल्या आठ केंद्रांनी बेटे काढण्याची आणि तपासण्याची एकच रीत पाळून ४८ रुग्णांवर उपचार केले. २०१६ मध्ये निकाल आला : वर्षभरानंतर १०० पैकी ८७ जणांची साखर आटोक्यात होती आणि जीवघेणी घसरण थांबली होती. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने दात्याच्या बेटांचा उपचार पहिल्यांदा मंजूर केला.

पुण्याचे काम

हे सगळे परदेशातच चालले आहे असे समजू नका. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे डॉ. रमेश भोंडे यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातून बेटे काढणे, ती जिवंत ठेवणे, मूळ पेशींपासून बेटांसारखे पुंजके तयार करणे यावर कित्येक वर्षे काम केले आणि विद्यार्थी घडवले. त्याच केंद्रात काम केलेले डॉ. आनंदवर्धन हार्डीकर पुढे ऑस्ट्रेलियात गेले.

हार्डीकर आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा २०१५ चा एक अभ्यास आपण मुद्दाम लक्षात ठेवावा. उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवले होते. त्यांचा मधुमेहाकडे कल वाढला. मग दोन पिढ्या पोटभर चांगले अन्न दिले, तरी तो कल गेला नाही. उंदरांचे जसेच्या तसे माणसाला लावता येत नाही. पण ज्यांच्या आजा-पणज्यांनी शिळ्यापाक्यावर दिवस काढले, त्या घरांत पोट थोडे सुटताच साखर का वाढते, हा प्रश्न या अभ्यासाने शास्त्राच्या टेबलावर ठेवला. उपासमारीतून येणाऱ्या मधुमेहाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 'टाईप ५' म्हणून वेगळी ओळखही दिली. म्हणून आपल्या वस्तीत 'आम्ही बारीक आहोत, आम्हाला साखर कशी होईल?' असे म्हणून तपासणी टाळू नका.

मग त्या मुलाला हा उपचार मिळेल का?

आज तरी नाही, आणि आज त्याला तो लागतही नाही. कारण ऐका. बेटे दुसऱ्याची असतात म्हणून शरीर ती नाकारते. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्याने साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. म्हणून हा उपचार मुख्यतः अशा मोठ्या रुग्णांसाठी आहे ज्यांची साखर काही केल्या सांभाळता येत नाही आणि पुन्हा पुन्हा बेशुद्धी येते. टाईप २ वाल्यांसाठी तो नाही.

आशा मात्र आहे. २०२५ मध्ये मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेल्या बेटांचा अहवाल आला. पूर्ण मात्रा, म्हणजे ८० कोटी पेशी, घेतलेल्या १२ जणांपैकी १० जणांची सुई वर्षभरानंतर सुटलेली होती. दाता लागला नाही. प्रतिकारशक्तीची औषधे मात्र इथेही लागलीच. बघा, इथेही पहिली ओळ 'किती पेशी' हीच आहे.

आता त्या व्हिडिओकडे या. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहावर मूळ पेशींचा उपचार मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याखाली गुन्हा आहे. असा कुणी भेटला तर त्याला तीनच प्रश्न विचारा : किती पेशी देणार? त्या जिवंत आहेत हे कसे तपासले? चाचणीचा नोंदणी क्रमांक काय? उत्तर लेखी मागा. मंगळसूत्र गळ्यातच राहील.

आपल्या घरातले माप

बेटांचे माप शास्त्रज्ञांच्या हातात आहे, पण एक माप रोज आपल्या हातात असते : इन्सुलिनचे युनिट. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोत पहिल्या मुलाला इन्सुलिन दिले, तेव्हा दर खेपेची ताकद वेगळी निघे. सशाची साखर किती उतरते यावरून युनिट ठरवले जाई. पुढे १९२० च्याच दशकात राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने सगळ्या जगाचे एक युनिट ठरले, तेव्हा कुठे सुई सुरक्षित झाली.

तरीही चूक होते. माझ्या ओळखीच्या एका घरात सिरिंज संपल्या. दुकानातून दुसऱ्या आणल्या. बाटली ४० ची, सिरिंज १०० ची. आई रोजच्यासारखी '१०' च्या रेघेपर्यंत भरत राहिली. पोराला १० ऐवजी फक्त ४ युनिट जात होते. चौथ्या दिवशी उलट्या, धाप, तोंडाला गोडसर वास. वेळेवर दवाखान्यात नेले म्हणून वाचला. उलट चूक याहून घातक आहे : १०० चे औषध ४० च्या सिरिंजने १० रेघेपर्यंत भरले तर २५ युनिट जातात, साखर एकदम घसरते. त्या आईचा दोष नव्हता. तिला कुणी सांगितलेच नव्हते. सांगणे हे आम्हा परिचारिकांचे काम होते.

म्हणून हे कापून भिंतीला लावा :

१. बाटलीवर ४० लिहिले असेल तर सिरिंजही ४० ची, लाल टोपणाची. १०० ला १०० ची, नारिंगी टोपणाची. दुकानातून बाहेर पडण्याआधी दोन्हींवरचा आकडा वाचा.

२. हातपाय कापणे, घाम, बरळणे म्हणजे साखर घसरली. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

३. खान्देशात पारा ४५ वर जातो. फ्रिज नसेल तर बाटली डब्यात घालून, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. बर्फात ठेवू नका. उघडलेली बाटली चार आठवड्यांनंतर वापरू नका.

४. इन्सुलिन एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. मुलगा जेवत नसेल, ताप असेल, तरी डॉक्टरांना विचारा.

५. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. आशाताई फॉर्म भरायला आली की दार लावू नका. औषध 'संपले' असे सांगितले तर चिठ्ठीवर तसे लिहून मागा. चार चिठ्ठ्या जमल्या की आपण मिळून वरच्या साहेबांना विचारू शकतो.

कापूस वेचणाऱ्या आयाबायांना काट्याचे महत्त्व मी काय सांगणार! दिवसभर वाकून वेचलेला कापूस संध्याकाळी काट्यावर चढतो आणि काटा मारणारा अर्धा किलो गिळतो. शिकलेली पोर शेजारी उभी राहून आकडा मोठ्याने वाचते, तेव्हा तो गिळायचा थांबतो. औषधाच्या बाबतीतही तेच करायचे. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा.

त्या आईने व्हिडिओ पुसून टाकला आहे. मुलगा आता स्वतःच सिरिंज भरतो, आई फक्त रेघ तपासते.